मोठी पिशवी

दुकानदार फर्नांडिसने पाणबुड्यांनी पाठीवर बांधायची हवेची पिशवी फुगवून दाखवली. "सर, तुमच्या वजनाला ही लहान पुरे. मोठी घेतलीत तर उगाच वर खेचेल."

"मोठीच दे."

"वहिनी कुठायत? त्यांना विचारू. तुमचं ऐकून सामान दिलं तर मलाच झापतील."

गिऱ्हाइकाने मोठ्या पिशवीचे पट्टे एकेक करून ओढून पाहिले. समुद्रतळाच्या जुन्या जहाजात तो आणि बायको दोघं उतरली होती. बायको आत अडकली, त्याला अकरा दिवस झाले होते. शोधणाऱ्यांनी काल हात टेकले.

"ती अजून खालीच आहे," तो म्हणाला. "जाताना मी एकटा. येताना दोघांचं वजन असेल."

फर्नांडिसने लहान पिशवीतली हवा सोडली.

"उतरण्याआधी तुमचे पट्टे कोण तपासणार?"

"आजवर तीच तपासायची."