न वाकणारा पत्रा

रस्त्यावर न्यायच्या आधी नवा टँकर संगणकावर तपासायचं काम दोघी बहिणींकडे होतं. "ताई, पास झाला," धाकटी म्हणाली. पडद्यावर टँकरने ब्रेक मारला, आतलं पाणी उसळून, त्याचा धक्का अडवायला टाकीत बसवलेल्या मधल्या पत्र्यावर आदळलं, पण पत्रा ढिम्म हलला नाही. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. तिने पत्र्याची जाडी कागदाइतकी करून पुन्हा ब्रेक मारला. तरीही पत्रा ताठ. "तू ह्याला वाकूच दिलं नाहीस." धाकटीचा चेहरा उतरला. "वाकू दिलं की संगणकाचं गणित कोलमडतं. म्हणून जखडून ठेवला." "पास झाला म्हणून खाली कारखान्यात कळवलंस?" "सकाळीच." इतक्यात इंजिन घुरघुरलं. थोरली खिडकीशी धावली. पाण्याने भरलेला टँकर ब्रेकच्या चाचणीसाठी फाटकाकडे निघाला होता. ती वळली, तर धाकटी गायब. क्षणभराने धाकटी खाली टँकरशेजारून पळत, ड्रायव्हरच्या दारावर हात आपटत ओरडत होती, "काका, जोरात ब्रेक नका मारू, आतला पत्रा तुटेल. हळूच थांबवा."