घरी ठेवलेला खोंड

"जनावरं एवढी बुटकी कशानं झाली वो?"

गोठ्यात शिरल्या शिरल्या राजशेखर पावण्यांनी विचारलं, आणि आदर्श कालवडीच्या मागं सरकला.

अकरा नकारांनंतर त्याला पहिल्यांदा एका मुलीनं होकार दिला होता. शांभवीनं. आता फक्त घर बघणं राहिलं होतं. त्यासाठी तिचे वडील इचलकरंजीहून नेसरीला आले होते. पोहे झाले, माडी बघून झाली, बोअरचं पाणीसुद्धा चाखून झालं. पण आदर्शच्या वडलांना, भरमाप्पांना, गोठा दाखवल्याबिगर चैन पडेना.

प्रश्न ऐकून भरमाप्पा खुललेच. आपल्या बापाच्या वेळची खिलार बैलं केवढी होती, ते त्यांनी टाचा वर करून दाखवलं. मग दरसाल बोटबोट उंची उतरत गेली. त्यांनी पेंड बदलली, वैरण बदलली, नजर लावली म्हणून शेजाऱ्याशी चार वर्षं अबोला धरला. शेवटी कानात बिल्ले मारायला आलेल्या डॉक्टरनं सांगितलं, की उंची रक्तातनं येते. दरसाल उंच खोंड बाजारात जातो, ज्याला गिऱ्हाईक नाही तो घरी राहतो, आणि गायींवर तोच सोडला जातो.

"ज्याला कुणी न्हेलं न्हाय, त्याचीच पैदास वाढली की," भरमाप्पा हसत म्हणाले.

पावणे हसले नाहीत. ते कालवडीपलीकडं बघत होते. तिथं आदर्शचं नुसतं डोकं दिसत होतं. तो हळूच गव्हाणीच्या कट्ट्यावर चढला.

"थोरला कुठं असतोय?"

"पुण्याला. सहा फूट हाय. कंपनीनं न्हेला."

"मधला?"

"मिलिटरीनं न्हेला."

"आणि ह्यो?"

भरमाप्पा कालवडीचं दावं सोडून परत बांधायला लागले.

मुलीला विचारून कळवतो म्हणत पावण्यांनी हात जोडले आणि गाडीत बसले. आदर्श अजून कट्ट्यावरच उभा होता. उतरावं का नाही, ते त्याला कळेना.

भरमाप्पांची सगळी हयात जनावरांच्या बाजारात गेलेली. दारातनं गिऱ्हाईक परत जाताना त्यांना बघवायचं नाही. ते धावत गेले आणि गाडीच्या खिडकीत वाकले.

"पावणं, आजून कुणाला सांगितलं न्हाय. थोरल्याची काडीमोड झालीया."

इंजिन बंद झालं.

"आदर्श," भरमाप्पांनी मागं न बघता हाक मारली, "परत च्या टाक."