उजवा खांदा

“काशिराम नाखवा!” कान तपासणाऱ्या फिजाने दारातून दुसऱ्यांदा हाक मारली. बाकावर बसलेले काशिराम समोरच्या भिंतीवरचं कानाचं चित्र बघत राहिले. शेवटी शेजारी बसलेल्या लेकीने, पूर्वीने त्यांचं मनगट धरून हलवलं.

“वढतेस कशाला? आयकलाय मी,” बाबा म्हणाले आणि ताठ उठले.

आई असती तर ही वेळ आली नसती. भीमाबाई कायम त्यांच्या उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे असायची. कोणी हाक मारली की त्यांच्या खांद्यावर हलकेच दोन बोटं टेकवायची, आणि बाबा आपणच ऐकल्यासारखे वळायचे. लग्नाच्या मांडवात, बँकेत, मोरा बंदरावर, सगळीकडे. पूर्वीलाही हे समजलं ते आई गेल्यावर. मागच्या आठवड्यात न्हावा शेव्याच्या रस्त्यावर एक ट्रेलर भोंगा वाजवत बाबांच्या पाठीला येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देत पुढ्यात उभा राहिला, तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

तोफखान्यातून निवृत्त होऊन घरी येताना लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने त्यांच्या कानांचं अपंगत्व अकरा टक्के लिहिलं होतं. विसाच्या खाली अपंगत्वाचं वेगळं काहीच मिळत नाही. आता मंडळ पुन्हा तपासणार होतं आणि त्याच्यापुढे ठेवायचा ऐकण्याचा आलेख पनवेलच्या या दवाखान्यात निघायचा होता. टक्के वाढले तर पेन्शन वाढणार होती, आणि मोऱ्याच्या घरी बाबांजवळ दिवसभर एखादी बाई ठेवता आली असती. पूर्वीची नोकरी तळोज्याची, पाळीची. ती तरी किती पुरणार?

फिजाने बाबांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. “चाचा, शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा. बारीक असली तरी.”

बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी मान हलवली.

काचेच्या अलीकडे फिजा बटणं दाबू लागली. बाबांचा हात वर गेला. पुन्हा गेला. अगदी बारीक आवाजालाही गेला. फिजाने कौतुकाने भुवया उंचावल्या. कागदावरची रेघ चांगल्या कानाची असते तशी वरच्या वर सरळ चालली होती.

मग फिजाने सरकलेला स्कार्फ नीट करायला हात उचलला, आणि आत बाबांचा हात वर गेला.

पूर्वीने ते पाहिलं.

“एक पन चुकलो नाय!” बाहेर येताच बाबांनी जाहीर केलं.

“माशाल्ला, चाचा! या वयात असा कान!” फिजा म्हणाली.

पूर्वी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “बाबा, तुम्ही तिचा हात बघत होता.”

“मंग? तोफेवर काय कान लावून बसतान? सायबाचा हात बघायचा. हात खाली, गोला भायेर.”

“इथे पास व्हायचं नसतं, बाबा.”

“नापास करायला पनवेलला आनलंस मना?”

ते मोठ्याने हसले. बाकावरचे पेशंटही हसले. आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदाच हसत होते. पूर्वीला वाटलं, राहू दे. रेघ आहे तशी घ्यावी, बसस्टँडवर त्यांना चहा पाजावा आणि घरी जावं.

मग ती फिजाकडे वळली. “खुर्ची भिंतीकडे फिरवून एकदा परत घ्याल का?”

फिजाने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. तिने आत जाऊन खुर्ची फिरवली.

“भिंतीकरं तोंड? काय पनिशमेंट हाय काय?” असं म्हणत बाबा बसले. त्यांनी पूर्वीकडे मात्र बघितलं नाही.

या खेपेला काचेतून फक्त त्यांची पाठ दिसत होती. ताठ. उजवा हात गुडघ्यावर, बोटं जुळवलेली, वर जायला तयार. फिजाने बटण दाबलं. थांबली. आवाज वाढवला. आणखी वाढवला. दुसऱ्या कानाला दिला. शेवटी शेवटी तर हेडफोनमधून निसटलेली शिट्टी काचेबाहेर पूर्वीलाही ऐकू आली.

हात गुडघ्यावरच होता.

फिजाने कागदावर पार खाली खुणा केल्या आणि मशीन बंद केलं. “झालं, ताई,” ती हळूच म्हणाली. “बोलवा त्यांना.”

पूर्वी आत गेली. बाबा भिंतीकडे बघत होते, मान किंचित कललेली, श्वास धरलेला. हाक मारायला तिने तोंड उघडलं, मिटलं. मग मागून दोन बोटं त्यांच्या उजव्या खांद्यावर हलकेच टेकवली.

बाबा वळले नाहीत. हात तसाच तयार ठेवून, आपण कुजबुजतोय अशा समजुतीने, पण बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

“थांब गो भीमा, अजून वाजला नाय.”