वापरात नसलेलं नाव

दिगंबर रेगे बायकोचं नाव विसरले. पण घरात ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण "अगं, चहा" आणि "अगं, चष्मा" यांवर सगळं सुरळीत चालू होतं.

महिन्यापूर्वी त्यांनी पेशीसफाईची लस घेतली होती. पेशी एरवीही आपली मोडकी प्रथिनं स्वतःच गिळून साफ करतात. लसीने त्या कामाला जोर यायचा. रेग्यांचे गुडघे खरंच विशीतले झाले. तपासणीच्या वेळी डॉक्टर तांबोळींनी सहज विचारलं, "काका, पत्नीचं नाव?"

रेगे बायकोकडे वळले. "अगं, सांग की."

मृणालिनीबाईंना वाटलं, लाजताहेत. पण नजर कोरी होती. लग्नात हे नाव रेग्यांनीच हौसेने निवडून अंगठीने तांदळावर लिहिलं होतं. पुढे त्या नावाने हाक मात्र एकदाही मारली नाही.

"लसीला मोडकं आणि पडीक यातला फरक कळत नाही, काकू," डॉक्टर म्हणाल्या. "न वापरलेलंही जातं."

"आणि यांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर?" बाईंनी विचारलं.

रेग्यांनी तो घडाघडा म्हणून दाखवला.

परतताना रिक्षात बाईंनी स्वतःच नाव सांगितलं. "छान आहे गं," रेगे म्हणाले, आणि घर येईपर्यंत तेही साफ झालं.

शेवटी बाईंनी पेशीसफाई कक्षाला अर्ज लिहिला : "सदर नाव वापरात नसले तरी सुस्थितीत होते. तरी ते मूळ पेशींत पूर्ववत बसवून, दिवसातून किमान एकदा वापरण्याचे आदेश आमच्या यजमानांना देण्यात यावेत, ही विनंती."