तोंड वाकडं न करण्याची तालीम

पास्तर एलिसेओंनी वाडगं तोंडाला लावलं, डोळे घट्ट मिटले आणि एक घोट घेतला. त्यांचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला.

"पुन्हा," त्यांची बायको नेल्सी म्हणाली.

"अगं, गेला ना घोट आत?"

"गेला. पण तोंड बघ आरशात. गेल्या वर्षी असंच तोंड केलंस आणि निम्मा घोट वस्तीच्या मुखियाच्या आईच्या मांडीवर उडवलास. मग तुझं प्रवचन ऐकायला कोण आलं?"

"कुत्रं आलं होतं," त्यांची मुलगी बेत्साबे म्हणाली.

पेरूमधल्या पुकाल्पा गावातल्या त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. औषधांची खोकी, लोकांनी दिलेले जुने चष्मे, साबण, गिटार. दोन दिवसांनी बोट निघायची होती, नदीच्या वरच्या अंगाला, आशानिंका आदिवासींच्या वस्त्यांकडे. तिथं कुणाच्याही घरी गेलं की आधी हातात मासातो येतो. कसावाचा कंद उकडायचा, बायकांनी चघळायचा आणि मडक्यात आंबत ठेवायचा. नाही म्हटलं की घरधनीण दुखावते, ती दुखावली की सगळी वस्ती पाठ फिरवते. म्हणून नेल्सीनं बाजारातून मडकंभर मासातो आणून घरातच तालीम लावली होती.

"मम्मी, हे चघळलंय कुणी?" बेत्साबेनं विचारलं.

"चांगल्या घरच्या बाईनं. तू नुसता ओठ लाव."

आणला तेव्हा मासातो गोड होता. नंतर चार दिवस तो त्या उकाड्यात पडून आणखी आंबला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाचव्या वाडग्याला पास्तरांचे कान लाल झाले. सहाव्याला ते म्हणाले, "आता जमतंय मला," आणि गिटार शोधायला लागले.

तेवढ्यात दारात फिदेन्सियाताई उभी राहिली.

फिदेन्सियाताई म्हणजे चर्चची कारभारीण. बोट तिच्या ताब्यात. ती नको म्हणाली तर बोट काठालाच बांधलेली राहणार. एका लग्नात अर्धी बाटली बियर प्यायला म्हणून तिनं चर्चच्या एका सेवकाला घरी बसवलं होतं.

नेल्सीनं झटकन मडक्यावर चादर टाकली. पास्तर उठले आणि लगेच खाली बसले.

"या, ताई. आम्ही जरा... तयारी करत होतो." पुढचं उचकीत गेलं.

ताईनं हवेत नाक वर केलं. "कसली तयारी?"

नेल्सी उगाच खोकी सरकवायला लागली. शेवटी बेत्साबेच म्हणाली, "तोंड वाकडं न करण्याची."

ताईनं चादर बाजूला केली. मडक्यात वाकून बघितलं. बोट हातची गेली, असं नेल्सीनं मनातल्या मनात धरूनच टाकलं. ताईनं वाडगं घेतलं, काठोकाठ भरलं आणि एका दमात रिकामं केलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"पाणी जास्त घातलंय," ती म्हणाली. "आणि चघळणारीनं कंटाळा केलाय."

"तुम्हाला कसं कळलं, ताई?" नेल्सीनं विचारलं.

"माझी आई करायची. तुम्ही चाललात ना, त्याच्याही वर. नदीची दोन वळणं पुढं."

पास्तर बघतच राहिले. "इतकी वर्षं... तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही दरवर्षी त्यांच्यासाठी प्रार्थना सांगायचात. मी मान खाली घालून आमेन म्हणायचे. कुणी विचारलं मला?"

नेल्सीनं खुर्ची पुढं केली. ताई बसली.

"पण मग तो बियर प्यायलेला बिचारा..." पास्तर चाचरत म्हणाले.

"तो बियर प्यायला. हे जेवण आहे." ताईनं खुर्ची सोडली, जमिनीवर पाय लांब करून बसली आणि मडकं जवळ ओढलं. "बाहेर व्हा."

"कुठं?"

"दाराबाहेर. हे आता माझ्या आईचं घर. तुम्ही नुकतेच नदीवरून वर आलात. गेल्या वर्षी सरळ आत शिरला असाल, हो ना?"

"हात मिळवत मिळवत," बेत्साबे म्हणाली.

"तिथं कुणी असं शिरत नाही. बाहेर उभं राहायचं, बोलावेपर्यंत."

पास्तर टोपी हातात घेऊन स्वतःच्याच घराच्या दाराबाहेर भर उन्हात जाऊन उभे राहिले. ताईनं नेल्सीला एक वाडगं दिलं, दुसरं स्वतःसाठी भरलं. बाहेर कोपऱ्यावरचा रिक्षावाला थांबून बघायला लागला. पास्तरांनी त्याला हसून मान डोलावली. मग हळूच खोकले.

"ताई, बोलवायचं का त्यांना?" नेल्सीनं विचारलं.

ताईनं सावकाश एक घोट घेतला.

"आई घाई करायची नाही," ती म्हणाली.