अबोलीची पारख

लग्नाचे दोन अल्बम निळसर निघाले म्हणून गिऱ्हाइकांनी परत केले, तेव्हा सेजलने कोरगावच्या फोटोग्राफरकडून मॉनिटरचे रंग जुळवायचं, त्याला विकायचं असलेलं जुनं यंत्र दिवसभर पारखायला आणलं. “आई गो, नवं तिप्पट महाग. हे चालेल?” विनोदिनीने स्टुडिओमागची अबोली खुडून आणली. नवरा होता तोवर रोज सकाळी असंच ताजं फूल पडद्याशी धरून रंग जुळवायचा. साखळी गावचा बाजार हसायचा, पण त्याच्या फोटोतली अबोली कधी चुकली नाही. सेजलने यंत्र पडद्यावर लटकवलं, रंग बसवले. विनोदिनीने स्वतःचा, नवऱ्याने काढलेला जुना फोटो उघडला, फूल शेजारी धरलं. केसांतली अबोली तंतोतंत जुळली. गाल मात्र गुलाबी. “यंत्र फसवं गो! तू एवढी गुलाबी कधी होतीस?” “कधीच नव्हते,” विनोदिनी हसली. “यंत्र खरं सांगतंय, हेच घेऊ. गालांची लबाडी तुझ्या पप्पांची.”