सिपोरातला निलेश

"निलेश, निघ तिच्यातून!" सिनेगॉगात प्रार्थना म्हणणाऱ्या हझानकाकांनी पलंगावरच्या सिपोराला दरडावलं, आणि रूबेनच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नाला वर्षही झालं नाही तोवर आपल्या बायकोला कोणी परक्या पुरुषाच्या नावानं हाक मारली तर कोणाला आवडेल?

त्यातून ती त्या हाकेला ओ देत होती. डिलाईल रोडच्या या खोलीत रूबेननं "सिपोरा, सिपोरा" करून घसा कोरडा केला तरी ती भिंतीकडे बघत बसे. निलेश म्हटलं की वळून बघे. हा काळाचौकीचा निलेश लग्नाआधी तिला हवा होता. तो यहुदी नाही म्हणून तिच्या वडिलांनी धुडकावला. तिचं रूबेनशी ठरलं त्याच आठवड्यात तो बाईकवरून पडून मेला. अशा अडकलेल्या जीवाला दिब्बुक म्हणतात आणि तो आता हिच्या अंगात शिरलाय, असं काकांचं म्हणणं.

रूबेनच्या आईनं एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलून मलिद्याचं ताट मांडलं होतं. काकांनी मेंढ्याच्या शिंगाचा शोफार फुंकला, हिब्रूत हुकूम सोडले. सिपोरा ढिम्म.

"काका, मराठीत सांगा," रूबेन कडवटपणे म्हणाला. "काळाचौकीच्या पोराला हिब्रू कुठून येणार?"

सिपोरा खदखदून हसली. रूबेनच्या कुठल्याच बोलण्यावर ती अशी हसली नव्हती. मेलेल्या माणसाचा त्याला हेवा वाटला.

"बरोबर बोललास, भावा," तिच्या तोंडून जाड आवाज आला. "मला पण जायचंय रे. थकलो मी."

काकांना जोर चढला. बाईला इजा न करता जायची वाट एकच, डाव्या पायाची करंगळी, असं त्यांनी त्या आवाजाला बजावलं आणि रूबेनला पायाशी बसवलं. नखाशी रक्ताचा थेंब आला की तो गेला. रूबेन डोळ्यांत तेल घालून बघत राहिला. एवढा एक थेंब येऊ दे, मग ही माझी होईल, असं तो मनात घोकत होता.

शोफार पुन्हा वाजला. सिपोरा ताडकन उठून बसली. तिनं पाय पोटाशी ओढला आणि दोन्ही हातांनी करंगळी गच्च दाबून धरली.

"अगं, सोड ना," तिच्याच तोंडून निलेश कळवळला. "जाऊ दे मला."

ती सोडेना. रूबेन तिची बोटं उकलायला पुढे सरसावला, तशी तिनं मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज तिचा स्वतःचा होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती त्याच्याकडे काही मागत होती.

"रूबेन, तू पण धर ना. मला एकटीला नाही जमत."